चांगलं आहे, पण…

रेंजवर नवं पिस्तूल आलं की एक ठरलेला प्रसंग घडतो. पिस्तूल हातोहात फिरतं. प्रत्येक जण ते उचलतो, टार्गेटकडे रोखतो, दोन सेकंद श्वास धरतो आणि खाली ठेवतो. मग म्हणतो, "चांगलं आहे, पण…"

हा लेख त्या 'पण'बद्दल आहे.

मी तळोज्यात राहतो. तळोजा म्हटलं की लोकांना आधी तुरुंग आठवतो, मग एमआयडीसीचा संध्याकाळचा वास, आणि अलीकडे पेंधरला संपणारी मेट्रो. रॅपिड अ‍ॅक्शन फोर्सचा तळही इथेच आहे. थोडक्यात, आमच्याकडे बंदूक दिसते ती वर्दीच्या खांद्यावर. त्यामुळे मी पिस्तूल नेमबाजी शिकतोय असं सोसायटीत कळलं तेव्हा पहिला प्रश्न "कशाला?" असा आला आणि दुसरा "लायसन्स आहे का?" असा. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब असल्यामुळे दहा मीटरची एअर रायफल या भागात तशी अनोळखी नाही. पण एअर पिस्तुलापुढची पायरी म्हणजे पॉइंट टू-टूचं पिस्तूल, आणि तिथे खरी दारू, खरं काडतूस आणि खरा कायदा सुरू होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉइंट टू-टूचं काडतूस 'रिमफायर' असतं. म्हणजे पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी नसतो, तो कडेच्या घडीत भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. काडतूस स्वस्त, झटका कमी, आवाज सोसण्याजोगा. म्हणून निशाणेबाजीच्या सरावाला जगभर हेच चालतं. ऑलिंपिकमधली महिलांची २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांची २५ मीटर रॅपिड फायर या दोन्ही स्पर्धा याच काडतुसावर होतात.

तर, आमच्या क्लबात एक जुनं पिस्तूल होतं. कडा झिजलेल्या, लाकडी मूठ घामाने काळी पडलेली. मग त्याच कंपनीचं सुधारित मॉडेल आलं. मी ते उचललं आणि पहिल्याच दिवशी म्हणालो, "चांगलं आहे, पण…"

माझी तक्रार अशी होती. हात वर नेला की जुन्या पिस्तुलाची पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप येऊन बसायची. नव्यात ती खाली बुडालेली दिसायची. प्रत्येक गोळीआधी मनगट थोडं उचलून ती वर आणावी लागे. तीस गोळ्यांच्या सरावात माझे वीसेक गुण गेले. मी चिडलो. रात्री बसून मोबाइलवर एक लांबलचक टिपण लिहिलं: कंपनीने मुठीचा कोन का बिघडवला, चालणारी गोष्ट का बदलली, ज्यांनी कधी स्पर्धेत गोळी झाडली नाही असे इंजिनिअर हे ठरवतात का, वगैरे. टिपण मला फार आवडलं. ग्रुपवर टाकलं. अंगठे आले.

त्या टिपणात एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं चुकीचं होतं. कोणतं बरोबर आणि कोणतं चूक हे मला तीन महिन्यांनी कळलं. ते कसं, हे सांगण्याआधी एका प्रसिद्ध पिस्तुलाची गोष्ट सांगायला हवी. नव्या डिझाइनवर मालक काय बोलतात याचा त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

एक बटण आणि सदुसष्ट वर्षं

१९४९ साली अमेरिकेत बिल रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी कंपनी काढली आणि पहिलंच उत्पादन आणलं: पॉइंट टू-टूचं एक स्वयंभरणी पिस्तूल. किंमत साडेसदतीस डॉलर. आतली रचना सुचली ती युद्धातून परत आणलेल्या जपानी नांबू पिस्तुलांवरून. बाहेरून मुठीचा कल जर्मन लुगरची आठवण करून देणारा. पिस्तूल अचूक होतं, दणकट होतं आणि परवडणारं होतं. त्याच्या पिढ्या निघत गेल्या. १९८२ मध्ये मार्क टू आलं. २००४-०५ च्या सुमारास मार्क थ्री.

या सगळ्या पिढ्यांत एक दुखणं मात्र कायम राहिलं. पिस्तूल साफ करायला उघडणं सोपं, परत जोडणं महाकठीण. मुठीच्या मागच्या बाजूला स्प्रिंगचं एक घर असतं. ते बसवताना आतल्या घोड्याची छोटी दांडी नेमकी स्प्रिंगच्या खोबणीत पडली पाहिजे. त्यासाठी पिस्तूल एका विशिष्ट कोनात उलटसुलट धरायचं, मधेच ट्रिगर दाबायचा, आणि दांडी आपणहून जागेवर घसरेल अशी आशा करायची. नाही पडली तर पुन्हा पहिल्यापासून. हातोडी घेऊन बसणारे मालकही होते. कित्येकांनी सरळ ठरवलं की हे पिस्तूल उघडायचंच नाही. बाहेरून ब्रश मारायचा आणि पुढे चालायचं.

सप्टेंबर २०१६ मध्ये मार्क फोर आलं. मुठीच्या मागे एक बटण. ते दाबलं की वरचा भाग बिजागरीवर उचलला जातो आणि बाहेर येतो. झालं. हत्यार लागत नाही, गणित लागत नाही. सदुसष्ट वर्षांची तक्रार एका बटणात संपली.

आता तुम्हाला वाटेल, सगळे खूष झाले असतील. बहुतेक झालेही. पण त्यासोबत दुसरा एक सूर उमटला, आणि माझा रस त्या सुरात आहे. जोडणी एवढी काही अवघड नव्हतीच, असं काही जुने मालक म्हणू लागले. एकदा हातात बसली की दोन मिनिटांचं काम. ज्यांना जमत नव्हतं त्यांनी शिकायला हवं होतं. जी गोष्ट काल सगळ्यांचं सामाईक दुखणं होती, ती आज एकाएकी सामाईक पात्रता झाली.

याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते ढोंग वाटत नाही. माणसाने एखाद्या कटकटीत वेळ घातलेला असतो. ती कटकट निभावणं हे त्याचं कौशल्य असतं; नवख्याला ते शिकवताना त्याला मान मिळालेला असतो. बटण आलं की पिस्तूल सुधारतं, पण ते कौशल्य मात्र भंगारात जातं. ज्याचं भंगारात गेलं त्याने दोन शब्द बोलू नयेत असं म्हणणं क्रूर आहे. फक्त ते शब्द पिस्तुलाबद्दलचे नाहीत, स्वतःबद्दलचे आहेत, एवढं ओळखता आलं पाहिजे.

मराठी वाचकाला हे नवं नाही. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि 'नांव', 'गांव', 'कांही' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. ज्यांनी ते टिंब कुठे द्यायचं हे शाळेत छड्या खाऊन पाठ केलं होतं त्यांना नवं लिखाण कित्येक वर्षं बोडकं वाटलं. माझे आजोबा शेवटपर्यंत 'गांव' लिहीत. ते टिंब उच्चारात नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. बुलेटचं गिअर उजवीकडून डावीकडे गेलं तेव्हा तर अनेकांच्या मते बुलेट मेलीच होती. ती अजून रस्त्यावर आहे.

तक्रारींची प्रतवारी

इथवर वाचून 'म्हणजे जुन्या लोकांची कुरकुर मनावर घेऊ नये' असा निष्कर्ष काढाल तर थांबा. रुगरच्याच गोष्टीत त्याचं उत्तर आहे.

मार्क थ्रीमध्ये कंपनीने काही गोष्टी घातल्या होत्या: नळीत काडतूस आहे हे दाखवणारी एक पट्टी, आणि मॅगझिन काढलेलं असेल तर गोळी सुटणार नाही अशी अडसर-यंत्रणा. मालकांनी दोन्हींबद्दल कुरकुर केली. पट्टीच्या खाचेत काजळी साचते, यंत्रणेमुळे ट्रिगरची गोडी जाते आणि जोडणी आणखी किचकट होते, असं त्यांचं म्हणणं. मार्क फोर आलं तेव्हा काडतूस दाखवणारी पट्टी गेली होती. मॅगझिनची अडसर-यंत्रणा राहिली होती. म्हणजे कंपनीने कुरकुर ऐकली, पण निवडून ऐकली.

आणि मग जून २०१७. मार्क फोर बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि कंपनीने १ जून २०१७ पूर्वी बनलेली या मॉडेलची पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवली. दोष असा: सेफ्टीचा खटका 'बंद' आणि 'चालू' यांच्या मधोमध अडकलेला असताना ट्रिगर दाबला गेला, तर तेव्हा गोळी सुटत नसे, पण नंतर खटका 'चालू'कडे सरकवताच सुटू शकत असे. बोट ट्रिगरवर नसताना. पिस्तुलात याहून गंभीर दोष क्वचितच असेल.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. 'जोडणी सोपी करून मजा घालवली' ही तक्रार आणि 'सेफ्टी अर्धवट राहिली तर गोळी सुटू शकते' हा दोष. एकाच पिस्तुलाबद्दलच्या, एकाच वर्षातल्या. पहिलीवर बोलायला सोपं, कारण प्रत्येकाकडे आठवण आहे. दुसरीसाठी कुणीतरी खटका मुद्दाम अर्ध्यावर थांबवून बघावा लागतो. नव्या वस्तूवरची चर्चा बहुतेकदा पहिल्या प्रकारात वाहून जाते, यात मला टीकेचं खरं अपयश दिसतं. आपण वस्तू तपासत नाही, आपली तिच्याशी असलेली ओळख तपासत बसतो.

म्हणून मी तक्रारींचे तीन ढीग करतो. पहिला हाताचा: 'हातात बसत नाही.' दुसरा मानाचा: 'आता कुणीही चालवेल.' तिसरा वस्तूचा: 'हे तुटतं, अडकतं, धोक्याचं आहे.' तिन्ही खऱ्या भावना आहेत. पण डिझाइन बदलायला तिसराच ढीग पुरावा म्हणून चालतो. पहिला फक्त वेळ मागतो, आणि दुसरा थोडी सहानुभूती.

याच रुगर कंपनीने पहिल्या ढिगाला दिलेलं एक उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेत खूप लोकांचे हात लष्करी १९११ पिस्तुलाच्या उभट मुठीला सरावलेले होते. त्यांना लुगरसारखा कललेला कोन खटके. कंपनीने १९९२ च्या सुमारास उभट मुठीची '२२/४५' ही वेगळी आवृत्ती काढली आणि जुनीही चालू ठेवली. हाताची सवय चूक किंवा बरोबर नसते. ती फक्त असते. तिच्यावर वाद घालण्यापेक्षा दोन मुठी देणं स्वस्त पडतं.

नियमच बदलला तर?

मालकांच्या पसंतीला जिथे काहीच किंमत नसते अशीही एक जागा आहे: स्पर्धा. तिथे डिझाइन ठरवतं ते नियमपुस्तक.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज येवगेनी चेरकासोव्हने रॅपिड फायरमध्ये रौप्य जिंकलं. त्या काळात सोव्हिएत नेमबाजांकडे एक विलक्षण पिस्तूल होतं: जवळजवळ उलटं, नळी इतकी खाली की झटका सरळ हाताच्या रेषेत यावा आणि तोंड वर उडू नये. कल्पना हुशार होती. पुढे नियमांनी त्या रचनेला दार बंद केलं.

पन्नासेक वर्षांनी पुन्हा तेच घडलं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायरमध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट हे लहान काडतूस चालत असे. त्यासाठी खास पिस्तुलं बनत: झटका जवळपास नाहीच, ट्रिगर अगदी हलका, हाताला वेढून घेणारी मूठ. २००५ पासून नियम बदलला. लाँग रायफल काडतूस, किमान एक किलो वजनाचा ट्रिगर, मनगट मोकळं ठेवणारी मूठ. एका रात्रीत उत्तमोत्तम पिस्तुलं शोभेच्या कपाटात गेली. त्यांच्या मालकांचा 'पण' किती मोठा असेल याची कल्पना करा.

जर्मनीचा राल्फ शुमान त्यांतला एक. १९९२, १९९६ आणि २००४ ही तिन्ही सुवर्णपदकं त्याने जुन्या नियमांखाली जिंकलेली. तक्रार करायचा अधिकार कुणाला असेल तर त्याला. २००८ च्या बीजिंगमध्ये तो नव्या प्रकारचं पिस्तूल घेऊन उतरला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि रौप्य जिंकलं. सुवर्ण ०.७ गुणांनी हुकलं. हात बदलतो, ही गोष्ट सिद्ध करायला मला याहून चांगला साक्षीदार सापडत नाही.

आपल्याकडचा 'पण'

आता घरी येऊ. अमेरिकन मालक पिस्तुलाबद्दल बोलतो तेव्हा वाक्याचा कर्ता बहुतेक 'मी' असतो. मी विकत घेतलं, मला आवडलं नाही, मी विकून टाकलं. आपल्याकडे तसं बोलता येत नाही, कारण आपल्याकडे वस्तू सहसा 'माझी' नसतेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना, पोलिसांची चौकशी, काडतुसांचा हिशेब. परदेशी पिस्तूल आयात करायचं तर राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून 'नामांकित नेमबाज' व्हावं लागतं. तोवर क्लबचं पिस्तूल, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, पाळीने. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. नेमबाजांसाठी वेगळी सवलत ठेवावी लागली.

मला ही बंधनं नकोत असं नाही. तळोज्यात राहून मला शेजाऱ्याच्या कपाटात पिस्तूल असावं असं अजिबात वाटत नाही. पण याचा एक परिणाम टीकेवर होतो. ज्याला निवड नाही तो नापसंती बोलून दाखवत नाही. मिळालंय हेच खूप. क्लबात नवं पिस्तूल आल्यावर ज्येष्ठांचा 'पण' ऐकू येतो, नवशिक्या मुलींचा येत नाही. एका मुलीच्या छोट्या हाताला मूठ मोठी पडते हे आम्हाला कधी कळलं? तिने रबराची पट्टी गुंडाळलेली दिसली तेव्हा. ती तक्रार तिसऱ्या ढिगातली होती आणि ती कुणी बोललंच नव्हतं.

पट्टी गुंडाळणं, लाकूड कानशीने घासणं, खोलगट जागी पुट्टी भरणं, हे आपल्या नेमबाजांचं खरं रसग्रहण आहे. कुठल्याही रेंजवर मुठी बघा. एकही कारखान्यातून आली तशी राहिलेली नसते. कंपनी एकदा डिझाइन करते. उरलेलं डिझाइन हात करतो.

आणि कधी हातच नव्याने घडवावा लागतो. कोल्हापूरची राही सरनोबत २०१३ मध्ये चांगवॉनला २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकली. मग कोपराच्या दुखापतीने तिला मागे खेचलं. नेमबाजाचा कोपर म्हणजे पिस्तुलाचाच एक भाग. तो बिघडला की उत्तम यंत्रही परकं होतं. जर्मनीकडून खेळलेल्या मुंखबयार दोर्जसुरेन यांच्या मार्गदर्शनाखाली तिने पुन्हा उभारणी केली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरी बरोबरीत सुटली, शूट-ऑफही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या शूट-ऑफमध्ये तिने सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मधेच बिघडलं. ते एअर पिस्तूल होतं, रिमफायर नव्हे, पण मुद्दा तोच. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. घरी बसलेल्या कित्येकांनी तेव्हा 'पिस्तुलाला दोष देते' असं ऐकवलं. म्हणजे आपण दोन्हीकडून चुकतो: हाताची सवय असते तेव्हा यंत्राला शिव्या देतो, आणि यंत्र खरंच बिघडतं तेव्हा माणसाला. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं घेतली. त्याने टोकियोचा तो खटका दुरुस्त होत नाही. टोकियोतही बिघाड बिघाडच होता.

तीन महिन्यांनंतर

माझ्या टिपणाचं काय झालं ते राहिलं.

प्रशिक्षकांनी ते वाचलं. काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "गोळी नको झाडूस. डोळे मिटून हात वर ने, उघडून बघ माशी कुठे आहे. रोज पन्नास वेळा." रिमफायर पिस्तुलाचा ट्रिगर रिकामा दाबायचा नसतो, पिन नळीच्या काठावर आपटते, म्हणून चेंबरमध्ये प्लास्टिकचा प्लग घालून हे सुरू झालं. पहिला महिना माशी बुडालेलीच. दुसऱ्यात कधी बुडालेली, कधी जागेवर. तिसऱ्या महिन्यात एकदा नवं पिस्तूल दुसऱ्याच्या हातात होतं म्हणून मी जुनं उचललं. डोळे उघडले तर माशी खाचेच्या वर तरंगत होती. माझं लाडकं जुनं पिस्तूल आता 'चुकीचं' झालं होतं. कंपनीने त्यात काहीही बदललेलं नव्हतं.

पण टिपणातलं एक वाक्य टिकलं. मी लिहिलं होतं की मॅगझिन नुसतं सरकवलं तर पूर्ण बसत नाही, तळव्याने ठोकावं लागतं, नाहीतर पहिलीच गोळी अडकते. तीन महिन्यांनीही ते तसंच होतं. ज्या मुलीने जुनं पिस्तूल कधी हातात धरलंच नव्हतं तिलाही तोच अनुभव आला. तीन सेकंदांत एक गोळी झाडायच्या फेरीत हे परवडत नाही. माझ्या आठ परिच्छेदांच्या टिपणात हे सातव्या परिच्छेदात होतं, कंसात.

आता मी नव्या वस्तूबद्दल काही लिहिण्याआधी दोन गोष्टी करतो. तीन महिने थांबतो. आणि ज्याने जुनी वस्तू पाहिलेलीच नाही अशा कुणाला तरी ती वापरायला देऊन गप्प बसून बघतो. त्यानंतरही जो 'पण' उरतो, तो पहिल्या परिच्छेदात लिहितो.

मॅगझिनबद्दल आम्ही कंपनीला पत्र पाठवलं आहे. पत्रात मुठीच्या कोनाचा उल्लेख नाही. त्या मुलीच्या हाताच्या मापाचा आहे.